हातात झेललेलं फूल

तारवियाहची खेळाडू म्हणून कारकीर्द सात वर्षांची. त्यातली साडेपाच वर्षं लानीबरोबर गेली आणि उरलेल्या दीड वर्षात तिच्या तीन जोड्या झाल्या. त्या तिघींपैकी एकीचा चेहरा तिला आज आठवत नाही. फक्त तिची सर्व्हिस आठवते, तीही वाईट होती म्हणून.

जावामध्ये दुहेरी बॅडमिंटन खेळणाऱ्यांबद्दल लोक बोलतात ते सगळं लग्नाच्या भाषेत. दोघींना एकत्र खेळवलं की सोयरीक जुळली. वेगळं केलं की काडीमोड झाला. पुन्हा एकत्र आणलं की नांदायला लागल्या. वर्तमानपत्रंसुद्धा असंच छापतात आणि वाचणाऱ्याला त्यात काही विनोदी वाटत नाही. पुष्कळशा लग्नांसारखं इथेही मुलींना कोणी काही विचारत नाही. फरक इतकाच की लग्न लावणारा आणि मोडणारा माणूस एकच, तो म्हणजे कोच. आणि मोडायचा मुहूर्त दरवर्षीचा ठरलेला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जकार्तातल्या राष्ट्रीय शिबिराच्या कचेरीबाहेर पुढच्या वर्षाची यादी लागते. त्या आठवड्यात शिबिरातल्या मुली एकमेकींशी जरा जास्तच प्रेमाने वागतात.

तारवियाह तेगालकडची, कारांगवुनी गावची. गावाभोवती भात पिकतो, पण गाव जगतं पिसांवर. घरोघरी बॅडमिंटनची फुलं बनतात. पिसं धुवून चटयांवर वाळत घातलेली असतात आणि वारा सुटला की म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळी गल्ली हात वर करून धावते. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, काही तरी धार्मिक चाललंय. डाव्या पंखाची पिसं वेगळी निवडायची, उजव्या पंखाची वेगळी. एका फुलात सोळा पिसं, सगळी एकाच बाजूची. चुकून एक दुसऱ्या बाजूचं बसलं तर फूल हवेत झिंगल्यासारखं चालतं.

असं झिंगलेलं फूल गिऱ्हाइकाच्या हाती पडू नये म्हणून शेवटचं काम असतं पारखण्याचं. तारवियाहचे वडील दाक्लान यांच्या घरामागे पत्र्याखाली लांबच लांब बोळ होता. त्याच्या दोन टोकांना दोघींनी जुन्या रॅकेटी घेऊन उभं राहायचं. एकीने फूल मारायचं, दुसरीने बघायचं आणि डाव्या हाताने हवेत झेलायचं. सरळ आलं तर उजवीकडच्या टोपलीत, डगमगलं तर डावीकडच्या. दिवसाला पाचशे-सहाशे फुलं. वडिलांची धाकटी बहीण, लिक म्हणजे आत्या दास्मिनाह, ही गावातली सगळ्यात पक्की नजर. तिच्यासमोर उभी राहणारी बाई जकार्ताला भावाच्या खानावळीत कामाला गेली, तेव्हा नऊ वर्षांच्या तारवियाहला तिच्या जागी उभं करण्यात आलं.

लिकचा नियम एकच होता. डगमगलेलं फूल दुसऱ्यांदा मारायचं नाही. कारण दुसऱ्या फटक्यात ते कधी कधी सरळ जातं, मग नळीत भरलं जातं, विकलं जातं आणि चौथ्या फटक्याला आपलं खरं रूप दाखवतं.

"दुसऱ्यांदा मारलेलं फूल म्हणजे खोटी साक्ष," लिक म्हणायची. "अगं, डोळे कुठे आहेत तुझे?"

"फुलावर, लिक."

"मग ते डावीकडे का गेलं सांग."

"तिसरं पीस वाकडं आहे."

"तिसरं नाही, चौथं. आणि नाक पूस."

पाच वर्षं हे चाललं. शाळा सकाळची, फुलं दुपारची. ओल्या पिसांचा आणि सरसाचा वास केसांतून जात नसे. आज तोच वास कुठे आला की तारवियाह चालता चालता थांबते. तेव्हा मात्र शाळेत तिच्या शेजारी कोणी बसत नसे आणि तिला त्याचं रडू यायचं. आठवणींना वास सोसायचा नसतो, म्हणून त्यांचं बरं असतं.

तेगालच्या एका क्लबाचा माणूस स्वस्तात फुलं मिळतात का बघायला आला आणि फुलांऐवजी पोरगी घेऊन गेला. कोर्टवर कुठे धावायचं हे तिला कळत नव्हतं, पण जाळीपाशी उभी केली की समोरच्याची रॅकेट फुलाला लागायच्या आत हिची मान वळलेली असे. सोळाव्या वर्षी ती सेमारांगच्या मोठ्या क्लबात गेली आणि तिथे तिला लानी भेटली.

लानी सेमारांगचीच. वडिलांचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान. चिनी घरातली एकुलती एक मुलगी, ताडमाड उंच. मागच्या रेषेवरून असा फटका मारायची की समोरच्या मुली आधी बाजूला व्हायच्या आणि मग विचार करायच्या. आणि बोलायची. खेळताना, जेवताना, दात घासताना. तारवियाह दिवसाकाठी जितके शब्द बोलायची तितके लानी बुटांच्या नाड्या बांधता बांधता संपवायची.

दोघींची जोडी लावली बापाक हार्सोनो ह्यांनी. तिथे मोठ्या पुरुषाला बापाक म्हणायचं, म्हणजे बाबाही झालं आणि साहेबही. बापाक हार्सोनो क्रीडाशास्त्राची पदवी घेतलेले. अहवालात ते हालचालींचा वेग आणि सेकंदाचे भाग लिहीत आणि पाकिटात जन्मवारांच्या बेरजेची चिठ्ठी ठेवत. जावातलं लग्न जसं दोघांच्या जन्मवारांचे आकडे मिळवून ठरतं तशीच ते जोडी ठरवायचे, फक्त कोणाला सांगत नसत. तिकडे सात वारांच्या जोडीला पाच बाजारवार असतात आणि प्रत्येकाला आकडा असतो. तारवियाह शनिवार-क्लिवोनची, म्हणजे सतरा. लानीच्या घरात असले वार कोणी पाळत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच जुनं पंचांग उलगडून तिचा बुधवार-पाहिंग काढला, म्हणजे सोळा. बेरीज तेहतीस. तेहतीसचं फळ असं, की दोघं आयुष्यभर भांडतील पण सुटणार नाहीत.

"उत्तम," बापाक म्हणाले आणि अहवालात लिहिलं, 'परस्परपूरक शैली'.

वर्षभरात त्यांनाच जकार्ताच्या शिबिरात बोलावणं आलं आणि जाताना ते ह्या दोघींना घेऊन गेले. शिबिरात बापाकांचा कायदा होता. जोडीने एका खोलीत राहायचं, एका टेबलावर जेवायचं, बाजारातही दोघींनी मिळून जायचं. एकीला उशीर झाला तर मैदानाला फेऱ्या दोघींनी मारायच्या. सगळी वर्षं उशीर लानीला झाला आणि फेऱ्या दोघींनी मारल्या. तारवियाहचा दम शिबिरात सगळ्यात चांगला, असं एकदा एका मासिकात छापून आलं होतं. त्याचं श्रेय आहाराला दिलं होतं.

खोलीत दोन खाटा, एक खिडकी, आणि तारवियाहने घरून आणलेली मातीची चहादाणी. तेगालचा मोगऱ्याचा चहा, कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा ओतायचा आणि ढवळायचं नाही. लानी चमचा घालायचीच.

"ढवळू नकोस गं!"

"गोड कुठे लागतंय?"

"लागेल. शेवटी."

"तुम्हा तेगालवाल्यांचं सगळं शेवटी. तोपर्यंत माणूस मरतं."

"मग मर. पण ढवळू नकोस."

जकार्तातल्या निम्म्या खानावळी तेगालच्या लोकांच्या आणि टीव्हीवरच्या नाटुकल्यातला प्रत्येक विनोदी नोकर तेगालच्या बोलीत बोलणारा. तारवियाहने तोंड उघडलं की शिबिरातल्या मुली फुटायच्या. लानी म्हणायची, "विया, तू बोललीस की मला भूक लागते." पण दुसरी कोणी हसली तर लानी तिला बोलून बोलून अर्धमेली करायची. चेष्टेचा हक्क तिने स्वतःकडे राखून ठेवला होता.

खेळात त्या जगज्जेत्या वगैरे नव्हत्या. पेनांगला एक करंडक मिळाला, बँकॉकला उपांत्य फेरी, बाकी ठिकाणी सन्मानाने हरल्या. पण त्यांचा खेळ बघायला स्वयंपाकीण बाई पळी हातात घेऊन यायच्या. तारवियाह जाळीपाशी, लानी मागे. एकीला मागे वळून बघायची गरज नव्हती आणि दुसरीला पुढे काय होणार हे विचारायची. तारवियाह आज सांगते, की कोर्टवर मागे लानी उभी असताना जशी पाठ मोकळी वाटायची तशी नंतर कधीच वाटली नाही. हे ती नवऱ्यासमोरही सांगते. नवरा मास्तर आहे, तो वहीत तोंड घालून बसतो.

सहाव्या वर्षी पेच आला. शिबिरात त्यांच्या वयाच्या दोन जोड्या, आणि पुढच्या वर्षीच्या युरोपच्या दौऱ्यावर एकच जाणार. नोव्हेंबरात सुराबायाची स्पर्धा होती. बापाक हार्सोनोंनी दोन्ही जोड्यांना समोर बसवलं, लवंगेची सिगारेट पेटवली आणि सांगितलं, "तिथे तुमची गाठ उपांत्य फेरीत पडेल. जी जोडी जिंकेल ती आहे तशी राहील आणि युरोपला जाईल. हरेल ती मोडेल. मग कोणाला कोणाबरोबर द्यायचं ते मी बघीन."

त्या दिवशी खोलीवर आल्यावर लानीने बूट न काढताच खाटेवर अंग टाकलं.

"मोडलो तर मला वीगातीबरोबर देतील," ती म्हणाली. वीगाती म्हणजे दुसऱ्या जोडीतली पुढची खेळाडू.

"चांगली आहे वीगाती."

"झोपेत दात खाते. शेजारच्या खोलीत ऐकू येतं."

"तू घोरतेस."

"म्हणूनच म्हणते, आम्हा दोघींना एका खोलीत ठेवणं म्हणजे गिरणी टाकणं आहे. विया, आपण हरायचं नाही हं."

"नाही हरायचं."

सुराबायाच्या हॉलमध्ये उकाडा इतका, की पंचही टॉवेल घेऊन बसला होता. पहिला गेम ह्यांनी घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात चौदा-बारा झाले, चौदा वीगातीच्या जोडीचे आणि सर्व्हिसही त्यांचीच. त्या काळी पंधराला खेळ संपे. म्हणजे एक चूक, की संपलं.

त्या सर्व्हिसच्या आधीच तारवियाहने हात वर करून पंचाला सांगितलं होतं, "फूल बदला, हे जाणार आहे." पंचाने फूल बोटांत फिरवलं, सोळाच्या सोळा पिसं जागेवर होती. "खेळा," तो म्हणाला. पिसं जागेवर असणं आणि फूल शाबूत असणं ह्यांतला फरक त्या हॉलमध्ये एकाच माणसाला कळत होता, आणि तिच्या हातात फक्त रॅकेट होती.

सर्व्हिस झाली. चार-पाच फटके झाले. लानीने मागून कडाडून मारलं, वीगातीने कसंबसं रॅकेटीच्या कडेने उडवलं आणि कागद फाटल्यासारखा आवाज झाला. फूल जाळीच्या वर आलं. अगदी सावकाश, डुलत, एखाद्या लठ्ठ माणसाने बोटीतून उतरावं तसं. तारवियाहपासून दीड हातावर. शाळेतल्या पोरीनेही डोळे मिटून मारलं असतं.

"मार!" लानी मागून ओरडली.

तारवियाहने फुलाकडे बघितलं. ते डगमगत होतं. तिचा डावा हात वर गेला आणि तिने ते झेललं.

मग ती खाली वाकली, फूल आपल्या डाव्या पायाजवळ नीट ठेवलं, सरळ उभी राहिली आणि समोरून पुढचं फूल येण्याची वाट बघू लागली.

हॉलमध्ये कोणाला काही कळेना. पंचाला ह्याला काय म्हणतात ते आठवायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "फॉल्ट," आणि थोडं थांबून, जणू माफी मागावी तसं, "सामना." वीगाती हात मिळवायला पुढे येईना, तिला वाटलं आपल्याला फसवताहेत. तारवियाहने मान वर करून गुणफलकाकडे बघितलं. आपण कुठे आहोत हे तिला तेव्हा कळलं.

लानी मागून चालत आली. जमिनीवरच्या फुलाकडे बघितलं.

"खराब होतं?"

"हो."

"फारच?"

"दोन पिसं देठात मोडलीत."

"बरं," लानी म्हणाली आणि कोर्टवर बसकण मारून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यातलं किती हसण्याचं होतं हे तारवियाहला आजही सांगता येत नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या अधिकाऱ्यांना मात्र फक्त हसणं दिसलं.

तिसऱ्या दिवशी बापाक हार्सोनोंनी दोघींना कचेरीत बोलावलं. टेबलावर राखेचा ढीग होता, म्हणजे ते बराच विचार करत होते.

"बसा," ते म्हणाले. "हरणं काही नवं नाही. वरच्या लोकांना मी सांगू शकतो, पोरीला ताप होता, डोळ्यांवर अंधारी आली. दौरा गेला तो गेला, पण जोडी मी वाचवीन. तुमची बेरीज... तुमची शैली जमते एकमेकींशी. फक्त मला एक शब्द पाहिजे, विया. पुन्हा असं होणार नाही."

लानीने टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला.

तारवियाहने विचार केला. तिला विचार करायला वेळ लागायचा आणि तो वेळ तिच्या तोंडावर दिसायचा.

"शब्द नाही देता येणार, बापाक."

"का?"

"हात आपोआप जातो."

"हाताला सांग."

"सहा वर्षं सांगतेच आहे. तो ऐकत होता. परवा नाही ऐकलं त्याने."

"पुढच्या वेळी ऐकेल."

"ते मी कसं सांगू? आणि फूल खराबच होतं, बापाक."

बापाक हार्सोनोंनी सिगारेट विझवली. "फूल खराब होतं, मान्य. पण मुली, हा खेळ चांगल्या फुलांचा असतो हे तुला कोणी सांगितलं?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी तारवियाहला आपला थोडा अभिमानच वाटत होता. लिक दास्मिनाह जणू दारात उभी राहून बघत होती.

बाहेर व्हरांड्यात लानीने तिचा दंड धरला. "एक 'हो' म्हणायचं होतं! एक! काय गेलं असतं तुझं? रोज स्वयंपाकीण बाईंना सांगतेस ना, चटणी छान झालीय म्हणून? ती कधी तरी छान झाली होती का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

लानीने दंड सोडला.

डिसेंबरात यादी लागली. लानी आणि वीगाती एका ओळीत. तारवियाहच्या नावापुढे 'सेमारांग क्लबाकडे परत' एवढंच होतं. मग दोघींनी संसाराची वाटणी केली. लानी त्या दिवशी वस्तूंपलीकडे एक अक्षर बोलली नाही.

"थर्मास?"

"तुझा."

"इस्त्री?"

"दोघींची."

"वायर तू घे, तवा मी घेते. आरसा?"

"तुला लागेल. वीगाती बुटकी आहे, तिला खालचं अर्धं पुरेल."

लानीच्या तोंडावर हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. पेनांगचा करंडक दोघींनाही नको होता, तो स्वयंपाकघरात गेला आणि त्यात चमचे ठेवण्यात आले. तारवियाहची बस निघाली तेव्हा लानी सरावाला होती. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर.

कारांगवुनीत बातमी तिच्या आधी पोचली होती. बसमधून उतरल्यापासून लोक मागे. पण गावातल्या कोणीही 'का झेललंस' असं विचारलं नाही. त्यांचे प्रश्न निराळे होते.

"फूल बदकाचं होतं की हंसाचं?"

"हंसाचं."

"तरी मोडलं? देठात का पात्यात?"

"देठात. दोन."

"बघा! बाहेरचा माल!" आणि सगळी गल्ली समाधानाने माना डोलवायची.

आठवड्याने दाक्लानांच्या अंगणात पिवळ्या भाताची रास घातली, शेजारी कोंबडी, तळलेलं ताहू म्हणजे सोयाबीनचं पनीर, इमामांची प्रार्थना. हरल्याबद्दल जेवणावळ घालणारं जगातलं ते एकमेव गाव असावं. लिक दास्मिनाह प्रत्येक पंगतीत जाऊन सांगत होती, "समोरच्यांचे चौदा झालेले, राजधानीची माणसं बसलेली, आणि हिने पकडलं! दुसरी कोणी असती तर मारून मोकळी झाली असती."

"मीही मारायला हवं होतं," तारवियाह म्हणाली.

लिकच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"मारायला हवं होतं, लिक. फुलं काय, रोज सहाशे होतात. लानी एकच होती."

अंगणात पलीकडे कोणी तरी हसत होतं. लिक तिच्याजवळ बसली, ओढणीने तांब्याचं बूड पुसू लागली.

"मग त्या तुझ्या कोचाला हे का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मी तुझं ऐकत होते."

लिकने पुन्हा कधी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. गावाने मात्र सांगायची सोडली नाही.

हे लानीला कळवावं असं तारवियाहला पहिल्या महिन्यात रोज वाटे, दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा. मग लानी आणि वीगाती युरोपला गेल्या, आणि ज्यांचं बरं चाललंय त्यांना आपलं दुःख कळवणं म्हणजे मागणं केल्यासारखं, असं वाटून राहून गेलं. सेमारांगला दीड वर्ष ती तीन जणींबरोबर खेळली. तिघी चांगल्या घरच्या मुली होत्या. तेविसाव्या वर्षी तिने रॅकेट ठेवली आणि मास्तरांशी लग्न केलं. गावच्या सभागृहात ती मुलींना शिकवू लागली. स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धेत सरपंचांच्या बायकोबरोबर खेळायची. बाई धावत नसत, पण बक्षिसाच्या बकरीला त्यांचाच गोठा लागायचा.

लानीचे सामने टीव्हीवर लागत. गल्लीतल्या एकुलत्या रंगीत टीव्हीसमोर सगळे जमायचे आणि लानीने मागून फटका मारला की तारवियाहची मान आपोआप वळायची, पुढे कुठे जायचं ते बघायला. पुढे वीगाती असायची. चांगली खेळायची वीगाती. पाचव्या वर्षी लानीचा गुडघा गेला आणि ती टीव्हीवर दिसेनाशी झाली.

त्यानंतर तीन वर्षांनी लाल लिफाफा आला. आत सोनेरी अक्षरांची लग्नपत्रिका होती आणि मागे पेनाने एकच ओळ, 'ये.'

मास्तर म्हणाले, "जाऊन ये. मुलीला मी बघतो." तारवियाहने जरीची केबाया, म्हणजे सणासुदीचं लांब पोलकं, घातली आणि पाच तास बसमध्ये उभी-बसलेली सेमारांगला गेली. भर दुपारचं लग्न, रेस्टॉरंटचा वरचा मजला, गोल टेबलं. एका कोपऱ्यात डुकराचं मांस न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळं टेबल होतं. तिथे तिच्या नावाची चिठ्ठी होती आणि शेजारच्या खुर्चीत वीगाती बसली होती.

तारवियाहने खुर्ची ओढून घेतली.

"तुम्हालाही फेऱ्या मारायला लागायच्या?" तारवियाहने विचारलं.

"साडेचार वर्षं," वीगाती म्हणाली. "आजही उशीर केलाय. पुरोहित अर्धा तास बसून होता."

त्यानंतर त्यांचं चांगलं जमलं. वीगातीने सांगितलं की सुराबायाच्या त्या सामन्यानंतर महिनाभर तिला झोप नव्हती, कारण जिंकलेलं आपलं आहे असं वाटेना. तारवियाह म्हणाली, "तुमचंच होतं." वीगातीने मासा वाढला.

पाहुणे पांगायला लागले तेव्हा लानी आली. पांढरा झगा दोन हातांनी उचलून धरलेला, पाय अनवाणी, बूट नवऱ्याच्या हातात. नवरा चष्मेवाला, लानीपेक्षा वीतभर बुटका, अतिशय खूश.

"हे बघ," लानी त्याला म्हणाली, "ही माझी पहिली आणि ही दुसरी. तू तिसरा. जा, काकांना निरोप दे." आणि दोघींच्या मधल्या खुर्चीत धपकन बसली.

तारवियाहने बसमध्ये पाच तास जे मनात रचलं होतं त्यातलं काही आठवेना. ती म्हणाली, "लान, ते मी मारायला हवं होतं."

लानीने तिच्याकडे बघितलं. वीगाती उठली आणि फळं आणायला म्हणून निघून गेली, फळं टेबलावरच होती.

"हे सांगायला आठ वर्षं?"

"कळलं आठवड्यातच होतं."

"मग?"

"तू युरोपात होतीस."

"युरोपात पोस्ट नाही?" लानी म्हणाली. तिच्या डोळ्यांखालचा रंग ओघळायला लागला होता. "अगं बाई, ते फूल झेललंस त्याचं मला कधीच काही वाटलं नाही. तू तशीच होतीस. मला हसूच आलं. मी रागावले ते कचेरीत. तिथे तुझ्यासमोर फूल नव्हतं, विया. मी होते."

"हो."

"आणि तू विचार केलास."

"हो."

"किती वेळ केलास! मला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल."

तारवियाह मान हलवत राहिली. लानीने टेबलावरचा रुमाल घेतला, आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग तोच तिला दिला. सगळा रंग त्यावर उतरला होता.

"परत कधी जायचंय?"

"साडेचारची बस आहे."

"ही गुडघ्याची सूज बघ, उतरतच नाही." लानीने झगा वर घेऊन सुजलेला गुडघा समोरच्या खुर्चीवर टाकला. "दाब इथे जरा. इथे नाही, खाली. आता मुलगी कोणत्या इयत्तेत, मास्तर मारतात का पोरांना, सगळं सांग, आणि सावकाश सांग. किती वाजले?"

"सव्वाचार."

"मग राहिलं ते," लानी म्हणाली आणि पाय आणखी पुढे केला.

साडेचारची बस तारवियाहशिवाय गेली.